शाईतले तूप

मराठी मुलखात छापखाना दोनदा आला. पहिल्यांदा तो 1556 मध्ये गोव्याच्या बंदरात उतरला. जेझुइट पाद्र्यांनी पोर्तुगालहून आणलेले ते यंत्र खरे तर ॲबिसिनियाला जायचे होते, पण गोव्यातच राहिले आणि सेंट पॉल कॉलेजात बसवले गेले. हिंदुस्थानातला हा पहिला छापखाना. दुसऱ्यांदा तो एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईत आला, अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर. पहिल्या खेपेला मराठी समाजाच्या रोजच्या जगण्यात जवळजवळ काहीच हलले नाही. दुसऱ्या खेपेला मात्र पन्नास वर्षांच्या आत धर्म, भाषा, लिपी, कालगणना आणि जातीजातींतले व्यवहार या सगळ्यांना त्याचा धक्का जाणवला. माहितीचे नवे साधन समाजात काय करते आणि माणसे त्याला कशी सामोरी जातात, हे पाहायला या दोन खेपांइतके बोलके उदाहरण मराठीच्या इतिहासात दुसरे नाही.

गोव्यातल्या छापखान्याने मराठीची सेवा केली नाही असे नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ हे जवळपास अकरा हजार ओव्यांचे मराठी काव्य 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. पण ते रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे पाडायचे तर काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे धरून शेकडो साचे लागतात. त्यासाठी पैसा हवा, कुशल कारागीर हवेत आणि वरिष्ठांची इच्छा हवी. यांतले काहीच पुरेसे जमले नाही. पुढे राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषाच दडपायला घेतली, सतराव्या शतकाच्या अखेरीस मुद्रण थंडावले आणि 1821 पर्यंत गोव्यात पुन्हा छापखाना सुरू झाला नाही. ‘क्रिस्तपुराणा’च्या त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे आणि घराघरांत, चर्चमध्ये तो गायला गेल्यामुळे. 1907 मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली, तीही हस्तलिखितांवरूनच. यंत्र हरवले आणि हात टिकले. साधन कितीही मोठे असले तरी ज्यांच्यासाठी ते आहे त्या लोकांच्या लिपीत, बाजारात आणि गरजेत उतरल्याखेरीज समाज त्याला हात लावत नाही, हे गोव्याने अडीचशे वर्षे आधीच दाखवून ठेवले होते.

छापण्यापूर्वीच्या महाराष्ट्रात माहितीची वानवा होती असे समजणे चुकीचे ठरेल. पेशव्यांच्या दफ्तरात दररोज शेकडो कागद तयार होत. जासूद बातमीपत्रे घेऊन दौडत. हुंड्या मुलूखभर फिरत. कीर्तनकार गावोगाव कथा पोहोचवत आणि चातुर्मासात देवळाच्या ओसरीवर पोथी लागे. पोथी नकलून देणे हा पोटापाण्याचा धंदा होता आणि पुण्यकर्मही. एखाद्याला ज्ञानेश्वरी हवी असेल तर ती दुसऱ्याकडून मागून आणायची, महिनोन् महिने बसून उतरवायची, चुकल्या ओळींवर हरताळ फासायची आणि शेवटी लेखकाचे नाव, शक, तिथी घालून क्षमा मागायची. या व्यवस्थेत माहिती माणसाबरोबर फिरे. पोथी कोणाला द्यायची, कोणासमोर वाचायची, कोणाच्या कानांवर पडू द्यायची नाही, हे माणूस ठरवत असे आणि माणसामागे जात ठरवत असे.

पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत पुण्याला छापण्याचा वास लागला होता. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडून एका तांबट कारागिराने अक्षरे कोरण्याची कला उचलली आणि नाना फडणवीसांनी गीता छापवून घेण्याचे मनावर घेतले. 1795 मध्ये सवाई माधवराव गेले, राजकारण विसकटले आणि बेत बारगळला. कारागीर मिरजकर पटवर्धनांच्या आश्रयाला गेला. तिथे 1805 मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता छापली गेली. याच वर्षी इकडून हजार मैलांवर, बंगालमधल्या श्रीरामपूरला, विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत निघाले. नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा कॅरीच्या हाताशी होते. मिरजेचा प्रयत्न एका पोथीवर थांबला. श्रीरामपूरला मात्र खिळे पाडणारे बंगाली लोहार, पुस्तके विकत घेणारे फोर्ट विल्यम कॉलेज आणि चिकाटीने छापत राहणारे मिशन अशी साखळी होती. मराठी गद्याची पहिली छापील पुस्तके मराठी मुलखाबाहेर निघाली, याचे कारण हेच.

मुंबईत अमेरिकन मिशनने 1817 च्या सुमारास मराठी छपाई सुरू केली. छापलेले सगळे अर्थातच धर्मप्रसाराचे. छापील कागद म्हणजे पाद्र्याचा कागद, असे समीकरण लोकांच्या मनात बसले. त्यात आणखी एक शंका मिसळली. छापण्याच्या शाईत चरबी असते. कागद कोणी, कशापासून केला हे कळत नाही. मग अशा कागदावर छापलेला देवाचा ग्रंथ सोवळ्यात घ्यायचा कसा? मुंबईचे वर्णन लिहिणारे गोविंद नारायण माडगावकर यांनी 1863 मध्ये, म्हणजे छपाई रुळून एक पिढी उलटल्यावरही, छापील कागदाला हात लावायला भिणाऱ्या ब्राह्मणांची नोंद केली आहे. या भीतीला आज कोणी भाबडेपणा म्हणेल. पण ती पूर्ण निराधार नव्हती. परक्या सत्तेबरोबर, परक्या धर्माच्या हातून आलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे, हे जाणून घेण्याचा हक्क ती माणसे मागत होती. त्यांच्यापाशी विचारण्याची भाषा सोवळ्या-ओवळ्याची होती, म्हणून प्रश्न त्या भाषेत आला.

या प्रश्नाचे उत्तर एका भंडारी समाजातल्या कारागिराने दिले. गणपत कृष्णाजी पाटील यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता विद्या आत्मसात केली. लाकडी यंत्र स्वतः उभारले, दगडावरून छापण्याचे प्रयोग केले, शाईही स्वतःच तयार केली. 16 मार्च 1831 रोजी त्यांनी शके 1753 चे पंचांग शिळाछापावर छापून आठ आण्याला विकायला काढले. शाईला ओवळे मानणाऱ्यांसाठी त्यांनी चरबीच्या जागी तूप घातले. तंत्राच्या इतिहासात हा प्रसंग एका वाक्याचा. समाजाच्या इतिहासात त्याचे मोल फार मोठे आहे. गणपत कृष्णाजींनी कोणाला अडाणी ठरवले नाही आणि कोणाशी वादही घातला नाही. लोकांची अट ऐकून घेतली आणि यंत्राला ती पाळायला लावली. तूप घातलेल्या शाईने छापलेले ग्रंथ घराघरांतल्या देव्हाऱ्यापर्यंत गेले.

पोथीच्या रूपाबाबतही तीच समजूत दाखवली गेली. छापील ग्रंथ इंग्रजी पुस्तकासारखा बांधायचे बंधन नव्हते. आडवी, सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या, कापडाचे बासन असे पोथीचे सारे रूप तसेच ठेवून आतली अक्षरे तेवढी यंत्राने उमटवली गेली. शिळाछापात तर अक्षरेही माणसाच्याच हातची असत, कारण दगडावर उतरवायचा मजकूर आधी चिकट शाईने कोणीतरी लिहावाच लागे. नकला करून पोट भरणाऱ्या लेखकांपैकी ज्यांचे हस्ताक्षर देखणे होते त्यांना या तंत्राने काही दशके काम दिले. खिळ्यांची छपाई स्वस्त झाली तशी ती सोयही संपली. त्यांच्यातले किती जुळारी झाले, किती शाळेत गेले आणि किती हात रिकामे राहिले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. लिहिणाऱ्यांच्याच धंद्याच्या अखेरीची नोंद नसावी ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

पंचांगाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण छपाईने समाजाच्या मुळाशी हात घातला तो इथे. पंचांग आधी जोश्याच्या हातात असे. पाडव्याला तो वर्षफल वाचून दाखवी, आणि लग्न, मुंज, पेरणी, प्रवास यांसाठी लोक त्याला विचारीत. आठ आण्यांच्या छापील पंचांगाने तिथी, नक्षत्र, ग्रहणे बाजारात आणली. जोशी नाहीसा झाला नाही, पण त्याने सांगितलेला मुहूर्त आता घरात पडताळून पाहता येऊ लागला. त्याहून मोठी घडामोड पुढे आली. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या जुन्या ग्रंथांवरून केलेली गणिते जोवर हस्तलिखितांत होती तोवर त्यांतली तफावत कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हती. छापील पंचांगे शेजारी शेजारी ठेवली गेली तेव्हा ती उघडी पडली. पंचांगातले ग्रहण आणि आकाशातले ग्रहण यांच्या वेळाही जुळेनात. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक वेधांच्या आधारे नवे गणित मांडले आणि आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने 1865 मध्ये पटवर्धनी पंचांग सुरू झाले. मग वाद पेटला. सण कोणत्या दिवशी करायचा, एकादशी आज की उद्या, अधिक महिना कोणता, यावर घराघरांत मतभेद झाले. लोकमान्य टिळकांनीही या प्रश्नात पुष्कळ शक्ती घातली. त्यांच्या नावाच्या पंचांगाप्रमाणे चालणारी कुटुंबे आजही काही सण इतरांपेक्षा वेगळ्या दिवशी करतात.

शाईतल्या चरबीवर लोक तावातावाने बोलले. काळ कोण मोजणार आणि कोणाचे मोजमाप खरे मानायचे, हा त्याहून कितीतरी खोल जाणारा प्रश्न छपाईबरोबर आत आला तेव्हा त्याची चाहूल कोणालाच लागली नव्हती. नव्या साधनाच्या बाबतीत हे असेच होताना दिसते. जे बदल डोळ्यांना दिसतात, हातांना लागतात, त्यांच्याबद्दल समाज सावध असतो आणि त्यांच्यावर काहीतरी तोडगा काढतोही. जे बदल सोयीच्या रूपाने येतात त्यांच्याविरुद्ध कोणी तक्रार करत नाही, आणि म्हणूनच त्यांवर तोडगाही निघत नाही.

वाचण्याची रीत बदलली ती अशीच न बोलता. हस्तलिखितांत शब्द एकमेकांना चिकटून असत. कुठे दंड, कुठे अंक, बाकी सलग ओळ. असा मजकूर डोळ्यांनी झरझर वाचता येत नाही. तो उच्चारावा लागतो, आणि उच्चारायचा तर कोणीतरी ऐकणारे असते. म्हणून पोथीवाचन हा समुदायाचा व्यवहार होता. छपाईने शब्द सुटे केले. मेजर थॉमस कँडी यांनी शालेय पुस्तके तपासताना स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह मराठीत रुजवले आणि 1850 मध्ये विरामचिन्हांवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. थांबायचे कुठे, आवाज चढवायचा कुठे, हे पूर्वी वाचणाऱ्याच्या गळ्यात होते, ते आता कागदावर आले. मुलगा एकटा, कोपऱ्यात बसून, ओठ न हलवता वाचू लागला. घरातल्या वडीलधाऱ्यांना न कळता एखादा विचार घरातल्याच माणसाच्या डोक्यात शिरण्याची वाट पहिल्यांदाच उघडली. मराठी सुधारणेच्या चळवळीचा इतिहास लिहिताना सभा आणि संस्था मोजल्या जातात. या मुक्या वाचनाला त्यात फारशी जागा मिळत नाही, आणि ती मिळायला हवी.

शब्द सुटे झाले तशी भाषाही एका साच्यात बसू लागली. मोल्सवर्थचा कोश 1831 मध्ये आला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 मध्ये. कोशासाठी शब्द गावोगावचे गोळा केले गेले, परंतु शाळांच्या पुस्तकांत पुण्याकडच्या शिष्टांची बोली प्रमाण ठरली. वऱ्हाडी, खानदेशी, मालवणी बोलणारे मूल शाळेत गेले की त्याच्या आईची भाषा चुकीची ठरू लागली. छापील मराठीने सगळ्या मराठी बोलणाऱ्यांना एकत्र आणले हे खरेच. पण कोणाच्या अटीवर आणले, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

संतवाङ्मयाच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होता. ज्ञानेश्वरी आणि तुकोबांचे अभंग शतकानुशतके कंठांत राहिले होते. प्रत्येक फडाचा पाठ थोडा वेगळा, चाल वेगळी, आणि त्यात कोणाला काही खटकत नव्हते. बाळशास्त्री जांभेकरांनी 1845 मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापली. तुकाराम गाथेची सरकारी मदतीची आवृत्ती 1869 ते 1873 या काळात इंदुप्रकाश छापखान्यात निघाली. विष्णु परशुराम पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या पडताळून ती सिद्ध केली. सरकारने त्यासाठी 24,000 रुपये दिले. एकदा गाथा क्रमांकासह छापली गेली की अभंग ‘खरा’ की ‘प्रक्षिप्त’, हा वाद टळत नाही. विद्वान या वादांत आजही गुंतलेले आहेत. वारकऱ्यांनी मात्र मोठ्या शहाणपणाने मार्ग काढला. छापील गाथा त्यांनी स्वीकारली, पारायणाला समोर ठेवली, आणि गायचे ते परंपरेने आलेल्या चालीवरच गायले. पुस्तकाने स्मरणाला आधार दिला, स्मरणाची जागा घेतली नाही. नव्या साधनाशी इतका समजूतदार व्यवहार फार थोड्या समूहांना साधला आहे.

वर्तमानपत्रांची कथा पुष्कळांनी सांगितलेली आहे. 6 जानेवारी 1832 रोजी जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्यात मराठी. म्हणजे राज्यकर्त्यांना रयतेचे कळावे आणि रयतेला जगाचे. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मधून 1848 पासून लोकहितवादींची शतपत्रे येऊ लागली आणि समाजाने स्वतःवरची टीका आठवड्याच्या आठवड्याला वाचण्याची सवय लावून घेतली. सनातन्यांनीही हे साधन लांब ठेवले नाही. मोरभट दांडेकरांनी 1831 मध्ये मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला आणि त्याच वर्षी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ छापून उत्तर दिले. ज्या यंत्राला पाद्र्यांचे म्हणून नावे ठेवली जात होती ते पाद्र्यांविरुद्ध वापरायला दोन दशकेही लागली नाहीत. सरकार सावध झाले ते नंतर. 1867 मध्ये पुस्तकांची नोंदणी सक्तीची झाली, 1878 मध्ये देशी भाषांतल्या पत्रांना वेसण घालणारा कायदा आला, आणि 1908 मध्ये ‘केसरी’तल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

परंतु छपाईचे सर्वांत दूरवर पोहोचलेले काम या ठळक नावांच्या पलीकडे झाले. 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ने एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापला. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली मुक्ता. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले. वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने विचारला. डोक्यावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या आपल्या बायांची वेदना मांडली. हस्तलिखितांच्या जगात हा निबंध कोणी नकलून घेतला असता? ज्याच्या हाती बोरू होता त्याला तो उतरवण्याचे कारण नव्हते आणि ज्यांना कारण होते त्यांच्या हाती बोरू नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी मिरजेला जे तंत्र धडपडत होते ते गीता ब्राह्मणांपर्यंत पोहोचावी म्हणून. मुक्ताचा आवाज त्यातून निघेल असे ना नाना फडणवीसांच्या मनात आले असेल, ना मिशनऱ्यांच्या. शाईच्या सोवळ्याचा विचार करणाऱ्यांपैकी कोणीही या बाजूने येणाऱ्या बदलाकडे पाहत नव्हते.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे उदाहरण याच वाटेवरचे. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली. तिची बातमी वर्तमानपत्रांतून सगळीकडे गेली आणि त्याबरोबर समस्त विधवांना दूषणे देणारे लेखही गेले. ते वाचून ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली आणि 1882 मध्ये पुण्यात छापवली. प्रती 500, किंमत नऊ आणे. सुरतेतला खटला, पुण्यातली पत्रे, बुलढाण्यातली एक संतापलेली बाई आणि पुन्हा पुण्यातला छापखाना हे वर्तुळ छपाई आणि टपाल यांच्यावाचून पुरे झालेच नसते. पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला; फुल्यांनी पाठराखण केली. ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिले नाही. जवळपास शंभर वर्षे ते विस्मरणात राहिले आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी शोधून पुन्हा प्रसिद्ध केले. छापले जाणे आणि ऐकले जाणे यांत केवढे अंतर आहे, ते या शंभर वर्षांनी दाखवले. तरीही 500 प्रती निघाल्या होत्या म्हणूनच मालशे यांना शोधायला काही उरले होते.

छापखाना सर्वांना मोकळा होता असा समज करून घेण्याचेही कारण नाही. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची सुरुवातीची दोन प्रकरणे छापून सत्यशोधकांच्याच ‘दीनबंधू’ने पुढची थांबवली आणि फुले त्यावर फार चिडले. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात ‘केसरी’ने घेतली नाही, हे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी 2,500 रुपयांची मदत केली. यंत्र, कागद, शिसे, टपालखर्च, वर्गणी या सगळ्यांसाठी भांडवल लागते, आणि भांडवल जिथे आधी होते तिथेच छपाईचा बहुतेक लाभ गेला. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांनी दुसरी युक्ती केली. सत्यशोधकांनी छापील विचार जलशांत आणले. पुस्तक वाचता न येणाऱ्या गावाने फुल्यांचे म्हणणे ढोलकी-तुणतुण्यावर ऐकले. मुंबईच्या चाळींत, गावच्या चावडीवर एकजण वर्तमानपत्र वाचे आणि बाकीचे भोवती बसत. एक अंक किती जणांपर्यंत गेला हे वर्गणीदारांच्या यादीवरून कधीच कळणार नाही. पोथीची जुनी सामुदायिक रीत नव्या कागदाला लावून लोकांनी निरक्षरतेवर मात केली.

राहिली लिपी. व्यवहाराची मराठी शतकानुशतके मोडीत लिहिली जाई; हात न उचलता सरसर लिहिण्याची ती लिपी. धर्मग्रंथ तेवढे बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. मोडीचे खिळे पाडता येत नव्हते असे नाही. कॅरीचा 1810 चा मराठी कोश मोडी खिळ्यांतच छापला होता. पण मोडीचा जोर तिच्या जोडलेपणात आणि वेगात, आणि शिशाच्या सुट्या खिळ्यांत ते दोन्ही मरतात. बाळबोधीचे खिळे सुबक होत गेले. थॉमस ग्रॅहम यांनी मिशनच्या छापखान्यात ते घडवले आणि त्यांच्या हाताखाली लहानपणी काम केलेल्या जावजी दादाजींनी 1869 मध्ये उभारलेल्या निर्णयसागर छापखान्याने त्यांना अशी नजाकत आणली की संस्कृत ग्रंथांसाठी सगळा देश निर्णयसागरकडे पाहू लागला. शाळेची पुस्तके बाळबोधीत, वर्तमानपत्रे बाळबोधीत. मोडी खतावण्यांत आणि सरकारी दफ्तरांत रेंगाळली, शाळेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कशीबशी टिकली आणि मग गेली. तिच्यासाठी ना सभा झाली ना चळवळ. दोन लिप्या शिकण्याचा त्रास वाचला, असेच बहुतेकांना वाटले.

या सोयीची किंमत उशिरा कळली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि राज्यभरच्या अभिलेखागारांत मोडीतले कोट्यवधी कागद पडून आहेत आणि ते वाचू शकणारे मूठभर. बहुतेक मराठी घरांत पणजोबांच्या हातचा एखादा कागद निघतो आणि तो घरात कोणालाही लागत नाही. 2023 मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हा प्रश्न अभ्यासकांच्या खोलीतून थेट तहसील कचेरीत आला. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, कोतवालबुके, महसुलाचे कागद यांतल्या कित्येक नोंदी मोडीत होत्या. जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची शोधाशोध झाली, निवृत्त माणसांना बोलावणी गेली, वाचनाचे वर्ग भरले. पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे ते एका अनोळखी माणसाने वाचून सांगेपर्यंत कुटुंबे ताटकळत उभी राहिली.

मोडीला 2014 मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. शिशाच्या खिळ्यांत जी लिपी मावली नाही तिच्या अक्षरांना संगणकात आता क्रमांक आहेत, आणि दफ्तरांतल्या कागदांची छायाचित्रे दाखवून संगणकाला मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयोगही सुरू आहेत. त्यासाठी आधी कोणीतरी हजारो पाने अचूक वाचून, ओळ न् ओळ देवनागरीत उतरवून द्यावी लागतात. हे काम आज अभिलेखागारांतले मोडी जाणकार आणि त्यांच्या वर्गांत शिकलेले तरुण करत आहेत. किरटे अक्षर, फुटलेली शाई, वाळवीने खाल्लेले कोपरे, प्रत्येक कारकुनाची वेगळी लकब या सगळ्यांतून वाट काढत जाणारे हे काम सावकाशच होते.